संशोधनाचे गद्य : शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ग्रंथाच्या निमित्ताने

मराठीतील शास्त्रीय वाङ्मयाची चर्चा निघाली की ती पाहता पाहता परिभाषेवर येऊन थांबते. 'ऑक्सिजन' तसाच ठेवावा की त्यास 'प्राणवायू' म्हणावे, शब्द संस्कृत धातूंवरून घडवावेत की लोकांच्या तोंडचे घ्यावेत, हे वाद आमच्या आजोबांच्या पिढीने केले, वडिलांच्या पिढीने केले आणि ते अद्यापि मिटलेले नाहीत. ते निरर्थक होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु एखाद्या भाषेत शास्त्र नांदते की नाही याची परीक्षा शब्दकोशावरून करणे म्हणजे स्वयंपाकाची परीक्षा भांड्यांच्या मोजदादीवरून करण्यासारखे आहे. संशोधकास वाक्ये लागतात. आपण काय पाहिले, ते कसे मोजले, त्याचा दुसरा अर्थ कोणता संभवतो, तो अर्थ आपण का टाकला आणि आपले मोजमाप कोठे चुकलेले असू शकेल, हे सांगणारी ती वाक्ये असतात. तशी वाक्ये मराठीत कोणी लिहिली आणि पुढे ती का विरळ झाली, हा प्रश्न आम्ही वाङ्मयसमीक्षेचा समजतो. कारण तो मुळात गद्याचा प्रश्न आहे.

केवळ परिभाषेने काय साधते आणि काय साधत नाही, याचे एक उदाहरण हैदराबादकडील आमच्या वाचकांस घरचेच आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले. त्याच्या आदल्या वर्षीच भाषांतराची स्वतंत्र कचेरी स्थापन झाली होती, आणि पुढे वैद्यक व अभियांत्रिकी यांसारखे विषयही तेथे उर्दूतून शिकविले गेले. मराठी घरांतील कित्येक विद्यार्थी त्या भाषेतून रसायन आणि गणित शिकले. कष्ट, द्रव्य आणि राजाश्रय यांपैकी कशाचीही वाण नव्हती. परिभाषा विपुल सिद्ध झाली. तथापि १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि तो सारा संभार मागे पडला. यास राजकीय कारण होते, हे उघड आहे. परंतु त्या कचेरीचे मुख्य कार्य पाठ्यग्रंथांचे भाषांतर हे होते, हेही विसरून चालणार नाही. ज्या ग्रंथासाठी परक्याने ती भाषा शिकावी असा ग्रंथ भाषांतराने निर्माण होत नाही.

मराठीत असा एक ग्रंथ आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास १८९६ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. दीक्षितांचा जन्म १८५३ सालचा, कोकणातील मुरुडचा. त्यांनी आयुष्यभर शिक्षणखात्यात नोकरी केली आणि वयाची पंचेचाळिशीही पुरी न होता १८९८ साली ते वारले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसाच्या निमित्ताने हे लेखन सुरू झाले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात वैदिक आणि वेदांग काळांतील ज्योतिषज्ञान येते. दुसऱ्यात सिद्धांतकाळापासून लेखकाच्या स्वतःच्या काळापर्यंतचे गणित, ग्रंथकार, करणे, पंचांगे, संहिता आणि जातक इतका पसारा आहे. या ग्रंथाचे हिंदी भाषांतर १९५७ साली निघाले, आणि भारत सरकारने काढलेल्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग १९६९ व दुसरा १९८१ साली आला. म्हणजे मूळ ग्रंथ इंग्रजीत पुरता उतरावयास पंचाऐंशी वर्षे लागली. तोवर ज्यास भारतीय ज्योतिषाचा इतिहास नीट समजून घ्यावयाचा असे त्यास मराठीच्या दारात यावेच लागत होते.

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्याच १८९६ साली, लंडनमध्ये, दीक्षितांचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले. मद्रासकडील मुलकी अधिकारी रॉबर्ट स्युएल यांच्या समवेत लिहिलेले ते पुस्तक भारतीय कालगणनेचे होते. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या तिथींचे रूपांतर करण्याची कोष्टके त्यात आहेत, आणि शिलालेख-ताम्रपट वाचणाऱ्या विद्वानांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली. याच्या आधी फ्लीटने गुप्तांचे लेख १८८८ साली संपादिले, तेव्हाही तिथींचे गणित दीक्षितांनीच करून दिले होते. एकच मनुष्य, एकच वर्ष, दोन भाषा. इंग्रजी पुस्तकात मुख्यतः सिद्ध झालेले कोष्टक आहे. कोणीही यावे, तिथी काढावी आणि जावे. मराठी ग्रंथात मात्र ते कोष्टक ज्या विचारातून निघाले तो विचार आहे: कोणता सिद्धांत कोणत्या प्रांतात चालतो, दोन पोथ्यांतील अंक का जुळत नाहीत, अमुक ग्रंथ आपण स्वतः पाहिला की नुसते त्याचे नाव ऐकले. त्या वर्षी निष्कर्ष इंग्रजीत होता आणि शंका मराठीत होती. आज ही स्थिती बरोबर उलटी आहे. निष्कर्ष मराठीत येऊन पोचतात. त्यांच्यामागील शंका वाटेतच कोठेतरी गळून पडतात.

दीक्षितांचे गद्य कसे चालते, हे कृत्तिकांच्या प्रसिद्ध विवेचनावरून दाखविता येईल. शतपथ ब्राह्मणात एक विधान आहे. त्याचा आशय असा की, अन्य नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत. पूर्वी हे वाक्य यज्ञाच्या संदर्भात शेकडो पंडितांनी वाचले असेल. दीक्षितांनी ते वेधाची नोंद म्हणून वाचले. जी तारका विषुववृत्तावर असते तीच नेमकी पूर्वबिंदूवर उगवते. तेव्हा त्या काळी कृत्तिका विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. आज त्या विषुववृत्ताच्या सुमारे चोवीस अंश उत्तरेस आहेत. अयनचलनामुळे संपात मागे सरकतो. सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश, म्हणजे एक नक्षत्र ओलांडावयास साडेनऊशेहून काही अधिक वर्षे. या गतीने मागे गेल्यास कृत्तिका विषुववृत्तावर येण्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे येतो. दीक्षितांनी हा विचार १८९५ साली 'इंडियन अँटिक्वेरी'तही मांडला. एवढ्यावर थांबला असता तर तो इतर अनेकांसारखाच एक अभिमानाचा आकडा झाला असता. दीक्षित पुढचा प्रश्न स्वतःच घेतात: हे विधान करणाऱ्याने ते स्वतः पाहिले होते की पूर्वापार ऐकले होते? आणि ते वाक्यातील क्रियापदाच्या वर्तमानकाळाकडे बोट दाखवितात. ज्योतिषाच्या ग्रंथात गणित चालू असता लेखक मध्येच व्याकरणाकडे वळतो आणि तेथून पुन्हा गणिताकडे येतो, हा प्रकार आम्हांस अत्यंत मोलाचा वाटतो. दोन शास्त्रांचे पुरावे एकाच परिच्छेदात एकमेकांस तपासतात आणि ते करावयास साधी शालेय मराठी पुरते.

त्यांचा निर्णय आज सर्वमान्य आहे काय? नाही. शतपथ ब्राह्मणाची रचना बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात ठेवतात. यज्ञविधीतील विधान जुन्या परंपरेचा अवशेष असू शकते. वर्तमानकाळी क्रियापद ही परंपरेचीही सवय असते. दुसरे असे की, 'पूर्व' हा शब्द वेध घेणाऱ्याने कितपत काटेकोरपणे वापरला? कृत्तिका विषुववृत्ताजवळ असताना एका अंशाची चूक म्हणजे काळात सुमारे एकशे ऐंशी वर्षांचा फरक. डोळ्यांनी पूर्वबिंदू ठरविताना तीन अंश चुकणे काही अवघड नाही आणि तेवढ्याने पाचशे वर्षांचे अंतर पडते. हे आक्षेप आम्ही आज सहज मांडू शकतो. त्याचे एक कारण हे की, दीक्षितांनी आपली प्रत्येक पायरी उघडी ठेवली आहे. ज्या पायरीवर ते घसरले असतील ती पायरी त्यांच्याच गद्यात सापडते. निष्कर्ष चुकीचा ठरूनही ग्रंथ जिवंत राहतो, तो यामुळे.

ग्रंथात दोष नाहीत असे नव्हे. दीक्षित सायन पंचांगाचे कट्टर पुरस्कर्ते होते. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी ते पंचांग चालविले होते, आणि इतिहास लिहिता लिहिता ते पंचांगशोधनाच्या प्रकरणात आले की त्यांच्यातील इतिहासकार मागे सरून वकील पुढे येतो. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या पटवर्धनी पंचांगाचा निरयन मार्ग आणि आपला मार्ग यांची तुलना करताना तराजू त्यांच्याच हातात आहे हे वाचकास जाणवल्याखेरीज राहत नाही. ग्रीकांचे ऋण किती, या प्रश्नाच्या विवेचनातही त्यांच्या काळाचा स्वाभिमान डोकावतो. शिवाय ग्रंथाची मांडणी अशी आहे की, मधमाशीचे पोळे हाती घेतल्यासारखे होते. मध आहे, पण कोणत्या घरात आहे ते शोधण्यास धीर लागतो. परंतु प्रतिपक्षाचे गणित ते पुरते मांडतात, त्याचे अंक दाबून ठेवीत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या पक्षपाताचाही हिशेब वाचकास करता येतो. पक्षपाती लेखकाकडून याहून अधिक प्रामाणिकपणा अपेक्षिणे आम्हांस अवाजवी वाटते.

हा मार्ग पुढे कोणी चालविला? दीक्षितांचे समकालीन व्यंकटेश बापूजी केतकर बागलकोटला शिक्षक होते. सीमाभागातील आमच्या वाचकांनी हे नाव अभिमानाने घ्यावे. त्यांचे 'ज्योतिर्गणित' अर्वाचीन वेधांवर आधारलेले आहे आणि त्याचे सामर्थ्य वादातीत आहे. पण ते संस्कृतात आहे. १९११ साली त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत असे भाकीत फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासने दाखविलेले प्रमाण दूरच्या ग्रहांस लावून त्यांनी एका ग्रहाचे अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे काढला. १९३० साली प्लूटो सापडला. त्याचे अंतर सुमारे साडेएकोणचाळीस पट आणि काळ २४८ वर्षे निघाला. आमच्याकडे ही गोष्ट सांगितली जाते ती येथवरच, आणि टाळ्या घेऊन थांबते. वास्तविक पुढचा भाग अधिक शिकविणारा आहे. केतकरांच्या गणितात त्या ग्रहास लाप्लासचे प्रमाण लावले होते, प्लूटोचे नेपच्यूनशी प्रमाण प्रत्यक्षात दोनास तीन आहे. अंतर जुळले, कारण जुळले नाही. उत्तर बरोबर येऊनही रीत तपासावी लागते, हे वर्गात शिकवावयास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. पण आमच्या गौरवपर लेखांत त्यास जागा मिळत नाही.

केतकरांनी संस्कृत निवडले, त्यास एक समर्थन होते: पंचांगकर्ते सर्व प्रांतांत होते आणि त्यांची सामाईक भाषा ती होती. इंदूरच्या उदाहरणास मात्र असे समर्थन नाही. १९२४ साली इंदुरात वनस्पतिउद्योगाची संशोधनसंस्था निघाली. होळकर दरबाराने जमीन दिली, कापूस समितीने पैसा पुरविला, आणि आल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. कचऱ्यापासून कुजलेले खत करण्याची तेथे सिद्ध झालेली रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगाच्या कृषिवाङ्मयात गेली. गांधीजी १९३५ साली इंदुरास आले असता त्यांनी ती संस्था पाहिली. या पद्धतीचा मूळ ग्रंथ १९३१ सालचा असून त्यावर दोन नावे आहेत: हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड त्या संस्थेत रसायनाचे काम पाहत. पुढील काळात पहिले नाव दुमदुमत राहिले आणि दुसरे ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून खाली उतरलेच नाही.

त्या ग्रंथातील द्रव्ये पाहावीत. शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती, राख, पालापाचोळा, तण, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या. यांपैकी एका तरी वस्तूसाठी आम्हांस परिभाषासमिती नेमावी लागली असती काय? उलट इंग्रजी ग्रंथकारासच तो सारा संसार समजावून द्यावा लागला. पऱ्हाटी कठीण असते, ती लवकर कुजत नाही. म्हणून ती शेतातील वाटेवर पसरावी आणि गाड्यांच्या चाकांखाली व बैलांच्या खुरांखाली ती चेचली जावी, असा उपाय तेथे सांगितलेला आहे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग रचावेत. ढीग वेळोवेळी उलथावा, कारण आत हवा न गेल्यास कुजण्याची जातच बदलते आणि नत्र उडून जाते. ही वाक्ये माळव्यातील कोणत्याही मराठी वा माळवी शेतकऱ्याच्या ओसरीवर उच्चारता आली असती. हॉवर्डांनी शेतकऱ्यांस आपले प्राध्यापक म्हटले आहे. प्राध्यापकांच्या भाषेत मात्र ग्रंथ लिहिला गेला नाही.

मराठीत तो आला कसा, हे पाहणे उद्‌बोधक आहे. कृषिविषयाच्या कोणत्याही परीक्षेत 'इंदूर पद्धत व बंगलोर पद्धत यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न ठरलेला असे. विद्यार्थी दोन रकाने आखतो. एकीकडे ढीग उलथतात, दुसरीकडे उलथीत नाहीत. एकीकडे खत लवकर होते, दुसरीकडे उशिरा. गुण मिळतात. ढीग का उलथावयाचा, उलथण्याचे श्रम कोणी करावयाचे, नत्राचा लाभ त्या श्रमांच्या मोलास पुरतो काय, कोरडवाहू गावात ढिगावर शिंपडावयास पाणी कोठून आणावयाचे, या प्रश्नांस त्या रकान्यांत जागा नसते. दुसरी रीत पुढे निघाली तीच मुळी यांतील काही प्रश्नांतून. उलथण्याचे श्रम वाचवावेत हा तिचा एक हेतू होता. म्हणजे दोन संशोधकांमधला खरा वाद होता. आम्ही तो वाद काढून टाकला आणि फरक ठेवला.

गणिताची कथा याहून निराळी नाही, फक्त तेथे काडीकचऱ्याऐवजी अंक आहेत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव आमच्या शिक्षक वाचकांस परिचित आहे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी शिकविले, आणि ६१७४ या संख्येचा त्यांनी लावलेला शोध १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी; सर्व अंक एकच नसावेत इतकीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि हेच पुनःपुन्हा करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. येथे आल्यावर संख्या हलत नाही, आणि कोणत्याही संख्येपासून निघाले तरी फार तर सात वजाबाक्यांत येथेच यावे लागते.

वृत्तपत्रांत हा 'चमत्कार' म्हणून छापला जातो. चमत्कार हा शब्द आम्हांस खटकतो, कारण तो शब्द उच्चारला की 'का' हा प्रश्न बंद होतो. वास्तविक कारणाकडे जाण्याची वाट मराठीत चार ओळींत सांगता येते. उतरत्या क्रमाने अंक अ, आ, इ, ई आहेत असे समजा. मोठ्या संख्येतून लहान वजा केली की उत्तर येते: अ आणि ई यांतील अंतराची ९९९ पट, अधिक आ आणि इ यांतील अंतराची ९० पट. म्हणजे वजाबाकीचे उत्तर चार अंकांवर अवलंबून नसते. दोन अंतरांवर असते. पहिले अंतर १ ते ९ यांपैकी एक, दुसरे शून्यापासून पहिल्याइतके. अशा जोड्या सगळ्या मिळून चोपन्न होतात. सुमारे दहा हजार संख्यांचे अरण्य चोपन्न झाडांवर आले. आता एखाद्या वर्गाने दोन तास घालविले तर त्यास ती सारी झाडे मोजून पाहता येतील, आणि सगळ्या वाटा ६१७४ पाशी मिळतात हे कोणाच्या शब्दावर विश्वास न ठेवता सिद्ध करता येईल. यात एकही अवघड पारिभाषिक शब्द नाही. कापरेकरांच्या पुस्तिका बहुतांशी इंग्रजीत निघाल्या; १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेत त्यांच्याविषयी लिहिले आणि मग आम्ही त्यांस शोधू लागलो. ज्या भाषेत त्यांनी मुलांस पाढे शिकविले तिच्यात त्यांच्या गणिताचे साक्षेपी विवेचन करणारा ग्रंथ असावयास हवा होता.

दीक्षित, केतकर, कापरेकर. तिघेही शाळेतील शिक्षक, हे नमूद करून पुढे जातो.

आजच्या कृषिगद्यावर आमचा आक्षेप अधिक तीव्र आहे, कारण तेथे प्रश्न केवळ वाङ्मयाचा राहत नाही. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषिविद्यापीठे स्थापन झाली त्यास आता अर्धशतक लोटले. तेथील प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात आणि शिफारशी मराठीत काढल्या जातात. शिफारशीचे गद्य आमच्या वाचकांनी पाहिले असेल. हेक्टरी अमुक किलो नत्र द्यावे. अमुक दिवसांनी फवारणी करावी. अमुक वाण पेरावा. सारी क्रियापदे विध्यर्थी. हे प्रयोग किती वर्षे झाले, कोणत्या जमिनीत झाले, अवर्षणाच्या वर्षी काय घडले, उत्पन्नात सरासरी वाढ झाली म्हणजे किती शेतांत ती झाली आणि किती शेतांत घटही झाली, हे सारे प्रबंधात असते. तो भाग भाषांतरित होत नाही. इंग्रजी जाणणाऱ्यास संशोधन मिळते आणि मराठी जाणणाऱ्यास आज्ञा. ज्याने कर्ज काढून बियाणे घ्यावयाचे, नेमक्या त्याच्याच भाषेतून शंका वगळलेली असते. शिफारस एखाद्या गावी फसली की तो शेतकरी शास्त्रावरच अविश्वास दाखवितो, आणि मग आम्ही त्यास अडाणी म्हणतो. त्यास प्रयोगाची मर्यादा कोणी सांगितली होती?

यावर एक उत्तर ठरलेले आहे. आजचे शास्त्र जागतिक आहे, ते इंग्रजीत चालते, मराठीत संशोधननिबंध कोण वाचणार? हे उत्तर आम्हांस अर्धे मान्य आहे. मूळ निबंध इंग्रजीत जावा. त्यास आमची हरकत नाही. वाड यांनी १९३१ साली इंग्रजीत लिहिले म्हणून त्यांस दोष देणेही योग्य होणार नाही. आमचे म्हणणे मराठीत जे लिहिले जाते त्याच्या जातीविषयी आहे. या बाबतीत जयंत नारळीकर यांचे उदाहरण बोलके ठरते. २०२५ साली ते निवर्तले. त्यांच्या विज्ञानकथांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा पुनरुच्चार येथे करीत नाही. आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्यांची असहमती. विश्वाची उत्पत्ती महास्फोटातून झाली हा बहुमान्य सिद्धांत त्यांस पटलेला नव्हता. हॉएल यांच्यासह त्यांनी निराळी मांडणी केली, आणि ही असहमती त्यांनी मराठी वाचकापासून लपविली नाही. त्यामुळे खगोलशास्त्र हे पूर्ण झालेले पुराण नसून त्यात अद्यापि पक्ष-प्रतिपक्ष आहेत, हे मराठी वाचकास मराठीतून कळले. नारळीकरांचा पक्ष बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. गद्याच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही. दीक्षितांच्या कृत्तिकांचेही तसेच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. या दर्जाबरोबर मराठीविषयीच्या संशोधनास साहाय्य मिळेल, ताम्रपट वाचले जातील, जुन्या पोथ्यांच्या प्रती निघतील. हे इष्टच आहे. मराठीविषयी संशोधन आणि मराठीतून संशोधन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र या आनंदात ध्यानी राहावे. दीक्षितांचा ग्रंथ दोन्हींच्या सीमेवर उभा आहे, म्हणून त्यापासून आरंभ करावा असे आम्ही सुचवितो. त्याची दुसरी आवृत्ती १९३१ साली निघाली. आज हवी आहे ती सटीप आवृत्ती: मूळ मजकुरास धक्का न लावता प्रत्येक गणितापाशी आजचे अंक, प्रत्येक निर्णयापाशी आजचे आक्षेप, आणि शेवटी नावांची व ग्रंथांची सूची. हे काम एका मनुष्याचे नव्हे. त्यास एक संस्कृतज्ञ, एक गणिती आणि एक वेध घेणारा हवा. महाराष्ट्राबाहेरील आमच्या संस्थांनी ते अंगावर घेण्यास हरकत नाही. इंदूर, वडोदरा, हैदराबाद आणि बेळगाव येथे ही तिन्ही प्रकारची माणसे मिळतील.

टिपांचे काम शाळांतूनही होऊ शकेल. कार्तिक महिन्यात सूर्यास्ताच्या सुमारास कृत्तिका पूर्वेकडे उगवतात. शाळेच्या गच्चीवर पूर्वबिंदू आधी ठरवून ठेवावा. शंकूची सावली सकाळी व दुपारी समान लांबीची होते त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. त्या रेषेपासून कृत्तिका किती अंश उत्तरेस उगवतात ते मोजावे. गणिताने उत्तर पंचविसांच्या जरा पुढे येते. प्रत्यक्षात ते एकदोन अंशांनी कमी भरेल, कारण क्षितिजालगत धूसरपणा असतो, कृत्तिका पाचसहा अंश वर आल्याखेरीज नीट दिसत नाहीत, आणि तेवढ्या वेळात त्या दक्षिणेकडे थोड्या सरकलेल्या असतात. शतपथ ब्राह्मणातील वेध घेणाऱ्यासही क्षितिज असेच धूसर असणार, आणि त्याच्या 'पूर्वे'तही हे एकदोन अंश दडलेले असणार. त्यामुळे दीक्षितांच्या तीन हजारांतून किती शतके वजा करावी लागतील, हे त्या टिपेत लिहावयाचे आहे.